भरलेला पोल्पेत्तोने : आठ जणांच्या जेवणासाठी इटालियन मीटलोफ

खलबत्ता

घरी सात-आठ जण जेवायला असतील आणि मुख्य पदार्थ आदल्या रात्रीच तयार करून ठेवायचा असेल, तर पोल्पेत्तोने करा. इटलीत हा रविवारच्या दुपारचा पदार्थ. खिमा, दुधात भिजवलेला शिळा पाव, अंडी आणि किसलेलं चीज एकत्र मळून मोठा उंडा वळायचा आणि भाजायचा. उरलेलं उकडलेलं मांस, कडक झालेला पाव, चीजचे तुकडे मार्गी लावायलाही तिकडच्या गृहिणी हाच करतात. भरलेल्या प्रकारात पोटात हॅम, चीज, पालक, उकडलेली अंडी जातात. नेपल्स आणि सिसिलीकडे अंडं आणि प्रोवोला किंवा काचोकावाल्लो चीज हवंच. अमेरिकन मीटलोफसारखा वर केचपचा लेप नसतो. साच्यातही भाजत नाहीत, कारण साच्यात खिमा स्वतःच्या पाण्यात उकडतो आणि बाजूंना रंग येत नाही.

बाहेरच्या आवरणासाठी:
खिमा १ किलो (गोमांस ६०० ग्रॅम + डुकराचं ४०० ग्रॅम, चरबी एकूण १५ ते २० टक्के)
कडा काढलेला शिळा पाव १०० ग्रॅम, दूध १२० मिली
अंडी २, किसलेलं पार्मिज्यानो चीज ८० ग्रॅम
मीठ १० ग्रॅम, मिरपूड १ चमचा, जायफळ पाव चमचा, पार्सली मूठभर, लसणाची एकच पाकळी अगदी बारीक करून

सारणासाठी:
शिजवलेल्या हॅमचे काप १२० ग्रॅम
प्रोवोला, स्कामोर्त्सा किंवा प्रोवोलोने चीज १५० ग्रॅम, बोटाएवढ्या पट्ट्या
पालक ४०० ग्रॅम (निवडलेला, कच्च्याचं वजन)
अंडी ५, उकडून

वरून पावाचा चुरा, ऑलिव्ह तेल, रोझमेरी, १५० मिली पांढरी वाइन.

पाव दुधात दहा मिनिटं भिजवा, हलकेच पिळा आणि बोटांनी पार कुसकरा. पावाची गुठळी राहिली तर कापल्यावर पांढरा डाग दिसतो आणि तो घास पिठूळ लागतो. पाव, अंडी, चीज, मीठ, मसाले आधी एकजीव करून घ्या आणि खिमा शेवटी घाला. दीड-दोन मिनिटं मळून मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. वळण्याआधी सुपारीएवढी टिक्की तव्यावर भाजून चव बघा. उंडा वळल्यावर मीठ वाढवता येत नाही.

पालक मिठाच्या उकळत्या पाण्यात एक मिनिट, लगेच गार पाण्यात, मग मुठीत धरून पिळा. अजून पिळा. त्यानंतर चमचाभर लोण्यावर दोन मिनिटं परता, म्हणजे उरलंसुरलं पाणी उडेल. पूर्ण गार होऊ द्या. सारण गरम असताना भरलं तर खिम्यातली चरबी वितळते आणि आवरण घसरतं.

बेकिंग पेपर ओल्या हाताने पुसून त्यावर खिमा २६ बाय ३२ सेंटिमीटर थापा, जाडी दीड सेंटिमीटरच्या थोडी वर. सगळीकडे सारखी हवी, मधे फुगवटा नको. कडेला तीन सेंटिमीटर मोकळे ठेवून हॅम पसरा, त्यावर पालक, मधोमध लांबीच्या रेषेत चीजच्या पट्ट्या आणि अंडी. कागदाच्या आधाराने अळूवडीसारखं गुंडाळत न्या, पण इथे वेढा एकच. कड दोन-तीन सेंटिमीटर एकमेकींवर यायला हवी. जोड खाली, दोन्ही टोकं आत मुडपून बंद. ओल्या हाताने सगळा वरचा भाग एकदा गुळगुळीत करा, भेगा बुजवा. कागदासकट घट्ट लपेटून किमान तासभर फ्रिजमध्ये.

भाजायच्या वेळी कागद काढा, उंडा चुऱ्यात घोळवा, तेल लावलेल्या ट्रेमध्ये जोड खाली करून ठेवा. १८० अंश, ६५ ते ७५ मिनिटं. अर्ध्या तासाने वाइन ट्रेमध्ये ओता (उंड्यावर नको, चुरा भिजून निघून येतो). पुढे दर वीस मिनिटांनी ट्रेमधला रस चमच्याने वर घाला. आतलं तापमान ७१ अंश झालं की बाहेर. पंधरा मिनिटं तसाच राहू द्या, मग दोन सेंटिमीटर जाडीचे काप.

फुटतो, गळतो, कापताना विस्कटतो, अशा तीन तक्रारी नेहमी येतात. तिन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा सारणातलं पाणी असतं.

पावभर

वाचनखूण साठवली. भारतात मटणाच्या खिम्याचा जमेल का? आणि खिमा धुवायचा की नाही?

वसईचा_वारा

धुवायचा नाही. हे ठळक अक्षरांत लिहायला हवं. धुतलेला खिमा कितीही निथळला तरी पाणी धरून बसतो आणि ते पाणी ओव्हनमध्ये बाहेर येतं. मांस चिकटवून धरणारी प्रथिनंही धुण्यात निघून जातात, म्हणून असा खिमा मळला तरी भुसभुशीतच राहतो. धुवायचंच असेल तर खाटकाला मोठे तुकडे द्यायला सांगा, घरी धुऊन, फडक्याने कोरडे करून मग यंत्रातून काढा. नाहीतर दुकानातच समोर धुऊन, पुसून, मग खिमा.

मटणाचा, म्हणजे आपल्याकडे बोकडाचा, होतो. दोन पथ्यं. खांद्याचा खिमा घ्या, दोनदा बारीक काढून घ्या, आणि किलोला दीडशे ग्रॅम चरबी त्यातच घालायला सांगा. नुसत्या मांडीचा खिमा कोरडा पडतो. दुसरं म्हणजे हा गरमच खायचा. बोकडाची चरबी लवकर थिजते आणि गार कापाला टाळूला मेण चिकटल्यासारखं लागतं. दुसऱ्या दिवशी गार काप सँडविचमध्ये घालायचे बेत असतील तर बोकड नको.

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यापासून बैलाचं मांसही बंद आहे, म्हशीचं मिळतं. ते गडद आणि कमी चरबीचं, त्यामुळे निम्मं डुकराचं घाला. तेही नको असेल तर किलोला ६० ग्रॅम थंड लोणी किसून घाला. (कायद्यावरची चर्चा कृपया दुसऱ्या धाग्यावर. इथे भूक लागली आहे.)

कोंबडीचा करायचा तर मांडीचं मांस. छातीच्या मांसाचा भाजून खडू होतो. दूध १२० ऐवजी ८० मिली, कारण हा खिमा मुळातच सैल आणि चिकट असतो. लोणी ४० ग्रॅम. आणि तापमान ७१ नव्हे, ७४ अंश.

मिलिग्रॅम

२६ बाय ३२ हा आकडा कुठून आला असा प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठी. आडवं अंडं साधारण साडेचार सेंटिमीटर जाड. त्याभोवती पालक, हॅम, चीज धरून सारणाची जाडी सहा होते. खिम्याचा थर दीड, म्हणजे थराच्या मध्यावर मोजलं तर व्यास साडेसात. परीघ साडेतेवीस, त्यावर अडीच सेंटिमीटर जोड. झाले २६.

लांबीला, दोन्ही बाजूंचं फक्त पांढरं कापून टाकलेली पाच अंडी एकमेकांना लावली की २३-२४ सेंटिमीटर होतात. टोकं मुडपायला दोन्हीकडे तीन-चार. झाले ३२. वर दिलेल्या प्रमाणात मिश्रण १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि खिम्याच्या एवढ्या थापलेल्या पत्र्याला पुरून उरत नाही.

अर्धं प्रमाण करायचं असेल तर रुंदी २६ च ठेवा, लांबी निम्मी करा. लोक दोन्ही बाजू कमी करतात, मग कड जुळत नाही, ओढूनताणून जुळवतात आणि ओव्हनमध्ये नेमका तिथेच उकलतो.

ऊनसावली

कृती छान, पण दीड-दोन मिनिटं मळणं जास्त नाही का? मीटलोफ जितका कमी हाताळावा तितका मऊ. मीठ घालून मळलं की सॉसेजसारखा रबरी होतो.

खलबत्ता

साध्या पोल्पेत्तोनेसाठी तुमचं म्हणणं मान्य. भरलेल्याचं गणित वेगळं आहे. मीठ आणि मळणं यांनी मांसातलं मायोसिन हे प्रथिन सुटं होतं आणि तेच गोंदाचं काम करतं. अजिबात मळलं नाही तर पत्रा गुंडाळताना तुटतो आणि भाजल्यावर कापासोबत आवरण गळून पडतं. पार चिकट धागे सुटेपर्यंत मळलं तर तुम्ही म्हणता तसं रबर. मधलं ठिकाण असं ओळखा: मूठभर मिश्रण तळहातावर घेऊन हात उलटा करा. दोन-तीन सेकंद चिकटून राहून मग सुटलं पाहिजे. लगेच पडलं तर अजून अर्धा मिनिट. पडलंच नाही तर जास्त झालं, अशा वेळी दोन चमचे दूध आणि थोडा भिजवलेला पाव घालून सैल करता येतं.

फूड प्रोसेसर मात्र नको. त्यात पंधरा सेकंदांत पेस्ट होते.

ऊनसावली

उलट्या हाताची खूण चांगली आहे. पावामुळे रबरीपणा कमी होतो हेही खरं. पाव-दुधाची लापशी मांसाच्या कणांच्या मधे बसते आणि ते एकमेकांना फार आवळत नाहीत. म्हणून पावाऐवजी नुसता कोरडा चुरा घालणाऱ्यांचा मीटलोफ घट्ट होतो. चुरा दूध पितो आणि मग मांसातला रसही पितो.

आपला लादीपाव यासाठी उत्तम, पण नग मोजू नका, वजन करा. बेकरीगणिक पाव लहानमोठे असतात. गोडसर स्लाइस ब्रेड टाळा.

पो_काठचा

इटलीतून दोन गोष्टी.

हॅम म्हणजे प्रोश्युत्तो कोत्तो, शिजवलेलं. बाहेर जास्त प्रसिद्ध आहे ते क्रूदो, म्हणजे मीठ लावून वाळवलेलं. ते आत घालू नका. शिजल्यावर चामट होतं, खारटपणा दुप्पट वाटतो आणि सुरी फिरली की पूर्ण पट्टी बाहेर ओढली जाते. कोत्तोऐवजी मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं मोठं इटालियन सॉसेज) चालतं, बरेच जण मुद्दाम तेच घालतात. त्यात चरबी असल्यामुळे आतून ओलावा राहतो.

चीज. ताजा पाण्यातला मोझरेल्ला तसाच घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणी असतं. दक्षिणेत प्रोवोला किंवा स्कामोर्त्सा वापरतात ते उगाच नाही. ती चिजं आधीच लटकवून सुकवलेली असतात, वितळतात पण पाणी सोडत नाहीत. धुरावलेली मिळाली तर आणखी छान. हाताशी ताजा मोझरेल्लाच असेल तर काप करून, चाळणीत घालून, रात्रभर फ्रिजमध्ये निथळवा.

आणि चीज किसून घालू नका. किसलेलं पसरतं आणि जोडातून वाट काढतं. जाड पट्टी जागेवर राहते.

टोमॅटोचं_सार

भारतात प्रोवोला कुठून आणणार? साधं चीज क्यूब चालेल का?

पो_काठचा

गळण्याच्या दृष्टीने क्यूबचं चीज उलट सुरक्षित. प्रोसेस्ड चीजमध्ये क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते मऊ होतं पण वाहत नाही. तार सुटणार नाही आणि चव ओळखीची लागेल इतकंच. खारट असतं, तेव्हा खिम्यातलं मीठ ८ ग्रॅमवर आणा. पिझ्झासाठीचं मोझरेलाचं ठोकळ्याचं पाकीट मिळतं ते जास्त जवळचं. ते कमी पाण्याचं असतं, निथळवायची गरज नाही. दोन्ही निम्मं निम्मं घेतलं तर तारही येते आणि गळतीही कमी.

सांडशी

ओटीजीमध्ये वरून करपतो आणि मधे कच्चा राहतो. उपाय?

मिलिग्रॅम

२५-३० लिटरच्या ओटीजीत वरचा रॉड उंड्यापासून जेमतेम सात-आठ सेंटिमीटरवर येतो, म्हणून. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत लावा. पहिली ३५ मिनिटं वरून फॉइलचं सैल छप्पर, चिकटू न देता. मग फॉइल काढा. वर-खाली दोन्ही रॉड चालू, पण आधी वीस मिनिटं तापवून घ्या. दहा मिनिटांत दिवा गेला म्हणजे ओव्हन तापला असं नाही, भिंती तापायला वेळ लागतो. अर्ध्या वेळेनंतर ट्रेची दिशा फिरवा.

२८ सेंटिमीटरचा उंडा छोट्या ट्रेमध्ये मावत नसेल तर तिरका बसवू नका, टोक रॉडजवळ जातं. सरळ दोन लहान करा. जाडी तीच असल्यामुळे वेळ फारसा कमी होत नाही, दहाएक मिनिटं. पंख्याचा मोठा ओव्हन असेल तर १६५ अंश पुरे.

शक्य असेल तर सळीचा थर्मामीटर घ्या. सळई टोकाकडून आडवी घाला आणि टोक खिम्याच्या थरात ठेवा. अंड्यात घुसली तर आकडा कमी दाखवते आणि तुम्ही उगीच आणखी भाजता. जोडाकडची बाजूही तपासा, तिथे खिमा दुहेरी असतो. थर्मामीटर नसेल तर त्याच जाड जागी सुरी टोचून रस बघा, गुलाबी असेल तर अजून हवा.

आणखी एक. किराणा दुकानात बटर पेपर म्हणून जे मिळतं त्यातलं काही मेणाचं असतं. लपेटायला ठीक, ओव्हनमध्ये धुरेल. पाकिटावर ओव्हनचं तापमान छापलेलं असेल तरच आत घाला.

खमंग

लसणाची एक पाकळी?! किलोभर मांसाला? आलं-लसूण, हिरवी मिरची, थोडा गरम मसाला घातल्याशिवाय आमच्याकडे कुणी हात लावणार नाही.

खलबत्ता

घाला की, चांगलाच लागेल. फक्त मग तो भरलेला खिमा रोल. पार्मिज्यानो आणि हॅम यांची चव गरम मसाल्याखाली दबते, आणि तेच तर पैसे मोजून आणलेलं असतं. पोल्पेत्तोनेत चीज, जायफळ आणि मांसाचा स्वतःचा रस पुढे हवा.

तिखट हवंच असेल तर इटलीच्या चौकटीतच सोय आहे. दक्षिणेकडचे लोक सुकी लाल मिरची चुरून घालतात. अर्धा चमचा चिली फ्लेक्स घाला. वाटलेलं आलं मात्र कच्च्या खिम्यात घालून रात्रभर ठेवू नका. आल्यातलं एन्झाइम मांस मऊ करतं, पकड सुटते आणि उंडा कापताना भुगा होतो.

वसईचा_वारा

गोव्याचा चोरीस (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) हॅमच्या जागी कसा वाटेल असं विचारणारे येतीलच, म्हणून आधीच लिहितो. आतडं काढून, कढईत परतून, सुटलेली चरबी आणि व्हिनेगरचा रस पूर्ण आटवून मग ८० ग्रॅम, त्याहून जास्त नको. कच्चा घातला तर लाल तेल सगळ्या पालकात उतरतं आणि आंबटपणा चीजला मारतो. हा इटालियन राहिला नाही हे मान्य, पण पोर्तुगीज वळणाचं काहीतरी बरं तयार होतं.

टोमॅटोचं_सार

ओव्हनच नाही. कुकर किंवा कढईत?

पो_काठचा

ओव्हनशिवाय करणं ही तडजोड नाही, तो इथला जुना प्रकार आहे. टस्कनीत टोमॅटोच्या रसात शिजवतात.

उंडा कमी लांबीचा करा, तुमच्या भांड्यात बसेल इतका, नाहीतर दोन. चुऱ्याऐवजी मैद्यात घोळवा आणि तासभर थंड करा, इथे ते टाळून चालणार नाही. जड बुडाच्या पसरट भांड्यात तेल तापवून सगळ्या बाजूंनी रंग आणा, जोडाची बाजू सर्वांत आधी, म्हणजे ती लगेच बंद होते. दोन उलथण्यांनी फिरवा, चिमट्याने धरलं तर तुटेल. बाहेर काढून त्याच तेलात कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून परता, अर्धा पेला वाइन, मग ७०० ग्रॅम टोमॅटोचा रस आणि थोडं पाणी. उंडा परत आत. रस निम्म्या उंचीपर्यंत यावा. झाकण तिरपं, आच इतकी मंद की बुडबुडा सावकाश फुटेल. ५० ते ६० मिनिटं, मधे एकदाच उलटवा. उरलेल्या रसात पास्ता घोळवला की तो पहिला पदार्थ, उंडा दुसरा. एका भांड्यात दोन पदार्थ झाले.

कुकरची शिट्टी नको. दाबाखाली आतलं चीज उकळून बाहेर येतं. वाफवायचं असेल तर उंडा ओल्या सुती फडक्यात घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकं दोऱ्याने बांधा आणि मोदकपात्रात ५० मिनिटं. त्यातून काढून गार करा आणि मग कापा. कापडात बांधून हलक्या उकळत्या पाण्यात शिजवलेला आणि गार खायचा असा इथेही एक प्रकार आहे, सोबत पार्सली-केपर-अँचोव्हीची हिरवी चटणी किंवा मेयोनेज.

पावभर

उकडलेलं अंडं कापल्यावर पिवळ्याभोवती हिरवट-काळं कडं येतं. आणि काप केला की अंडं सुटून बाहेर पडतं. दोन्हींवर काही?

सांडशी

कडं येतं ते जास्त शिजल्यामुळे. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांचं संयुग बनतं. ही अंडी आत आणखी तासभर तापणार आहेत, त्यामुळे आधी पूर्ण कडक करायचीच नाहीत. उकळत्या पाण्यात सोडून आठ मिनिटं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. अगदी ताजी अंडी सोलताना फाटतात, आठवडाभराची घ्या.

अंडं सुटतं कारण त्याचा पांढरा भाग गुळगुळीत असतो, खिमा त्याला धरत नाही. सोललेली अंडी फडक्याने कोरडी करून मैद्यात किंवा किसलेल्या चीजमध्ये लोळवा. आणि अंड्यांच्या मधल्या फटीत पालक दाबून भरा. मोकळी हवा राहिली की तिथे रस साचतो आणि पोकळी दिसते.

अंड्यांची टोकं कापायची ती प्रत्येक कापात पिवळं यावं म्हणून. ती बाजूला पडलेली पांढऱ्याची टोपी पालकात चुरून टाका.

मिलिग्रॅम

अंड्याची कटकट नको असेल तर लावीची अंडी दहा-बारा, तीन मिनिटं उकडून. उंडा बारीक होतो, रुंदी २१-२२ पुरते आणि ५० मिनिटांत भाजतो.

कैरी

शाकाहारी पर्याय? सोया खिमा सोडून काहीतरी सांगा, प्लीज.

पो_काठचा

आहे, आणि तोही अस्सल. लिगुरियात, जेनोव्याच्या बाजूला, पोल्पेत्तोने म्हणजे फरसबी आणि बटाट्याचा. मांस नाहीच. फरसबी ५०० ग्रॅम, बटाटे ५०० ग्रॅम, दोन्ही उकडून. बटाटे कुस्करा, फरसबी बारीक चिरा (मिक्सर नको). तीन अंडी, ८० ग्रॅम पार्मिज्यानो, लसणाची पाकळी, मार्जोरम भरपूर, मूठभर वाळवलेली मशरूम भिजवून चिरून. तेल लावून चुरा भुरभुरलेल्या पसरट ट्रेमध्ये तीन सेंटिमीटर जाडीचा थर, वर काट्याने तिरप्या रेघा, चुरा, तेल. १८० अंशांवर ४० मिनिटं. गुंडाळायचा नाही, चौकोनी वड्या कापायच्या.

अंडं चालणाऱ्यांसाठीच हा आहे. अंड्याशिवाय वड्या सुटत नाहीत. आणि एक लक्षात घ्या, पार्मिज्यानो वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या एन्झाइमने) बनतं. ते चालत नसेल तर पाकिटावर शाकाहारी हिरवी खूण असलेलं दुसरं कडक चीज घ्या. मार्जोरम मिळत नसेल तर ओरेगानो निम्म्या प्रमाणात.

कैरी

मस्तच. रेनेटचं सांगितलंत ते बरं झालं.

खमंग

बटाटे त्याच ट्रेमध्ये उंड्याभोवती भाजले तर? आणि रात्री साडेआठला पानं घ्यायची तर सुरुवात कधी करावी?

खलबत्ता

बटाटे भोवती टाकायची पद्धत आहेच, पण कच्चे टाकू नका. १८० अंशांवर त्यांना कुरकुरीतपणा येत नाही आणि वाइनच्या वाफेत ते उकडतात. एक किलो बटाट्याचे तीन सेंटिमीटरचे तुकडे मिठाच्या पाण्यात सहा मिनिटं उकडा, निथळा, चाळणीतच हलवून कडा खरखरीत करा. उंडा आत गेल्यावर वीस मिनिटांनी टाका. ट्रे मोठा हवा, एकावर एक नकोत. वाइन या वेळी १५० ऐवजी ७५ मिलीच. उंडा काढून विश्रांतीला ठेवला की बटाटे एकटेच २२० वर पंधरा मिनिटं. हिशेब बरोबर जुळतो.

साडेआठच्या जेवणाचं असं: सारण आणि उंडा आदल्या रात्री. कागदात, वर क्लिंग फिल्म, फ्रिजमध्ये. चोवीस तासांहून जास्त नको, कच्चा खिमा आहे. पावणेसातला ओव्हन तापायला ठेवा, सात-पाचला उंडा थेट फ्रिजमधून आत. गार असल्यामुळे दहा मिनिटं जास्त धरा. साधारण सव्वाआठ ते साडेआठला बाहेर येतो आणि लोक ताटावर बसेपर्यंत विश्रांती होते. पावसाळ्या-हिवाळ्यात ठीक, पण मे महिन्यात उंडा बाहेर काढून ठेवू नका, पंधरा मिनिटांत सैल पडतो.

ट्रेमधला रस फेकू नका. वरची चरबी चमच्याने काढून, पाव पेला पाण्याने ट्रे खरवडून घ्या, गाळून दोन मिनिटं उकळा. वाइन घालत नसाल तर चिकनचं पातळ सूप १५० मिली आणि शेवटी चमचाभर लिंबाचा रस. जाड करायला कॉर्नफ्लोर घालायची गरज नाही, हा रस पातळच असतो.

ऊनसावली

तरी भेगा पडल्याच तर? जाड थर, थंड उंडा, सगळं पाळूनही?

मिलिग्रॅम

लांबीच्या दिशेने वर एकच भेग: ओव्हन जास्त गरम. बाहेरचा थर आधी आवळला आणि आतलं सारण फुगलं. ओव्हनचा आकडा आणि खरं तापमान यात वीस अंशांचा फरक सहज असतो. टोकाशी भेग: मुडपलेला भाग पातळ राहिला, किंवा चीज तिथपर्यंत गेलं. आडव्या बारीक भेगा सगळीकडे: मिश्रण कोरडं, दूध कमी पडलं. खालून उकलला: जोड खाली नव्हता, किंवा कडेला पालकाचा रस लागला होता. ओल्या कडा चिकटत नाहीत.

भाजताना मधेच चीज गळायला लागलं तर हात लावू नका. ट्रेवर पडलेलं चीज कुरकुरीत होतं आणि मुलं त्यावर भांडतात.

पावभर

उरला तर किती दिवस? फ्रीझ होतो?

सांडशी

फ्रिजमध्ये तीन दिवस, न कापता. काप केलेले लवकर सुकतात. गरम करायचे तर सुक्या तव्यावर नको, टोमॅटोच्या किंवा ट्रेच्या रसात झाकण ठेवून पाच मिनिटं मंद आचेवर. मायक्रोवेव्हमध्ये अंडं फुटू शकतं, काप असेल तरी कमी पॉवरवर ठेवा.

फ्रीझरसाठी अंडी न घालता वळा. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग गोठून वितळला की रबरासारखा होतो आणि पाणी सोडतो. अंड्यांच्या जागी हॅम-चीज वाढवा, कच्चाच लपेटून महिनाभर ठेवता येतो. वापरायच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवा. गोठलेला थेट ओव्हनमध्ये घालू नका, बाहेरून करपेल तरी आत बर्फ असेल. पण आधी गोठवलेला खिमा आणून त्याचा उंडा करून परत कच्चाच गोठवायचा नाही. तसा खिमा असेल तर आधी भाजून, काप करून, मग फ्रीझरमध्ये.

खमंग

दातेरी सुरीने कापायचा ना?

सांडशी

हो, ब्रेडच्या सुरीने, दाब न देता मागेपुढे करवतीसारखं. दोन कापांमधे पातं ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर पालकाची हिरवी रेघ पुढच्या अंड्यावर उमटते. पहिलं टोक नुसत्या खिम्याचं निघतं. ते पाहुण्याच्या पानात वाढू नका.